वरच्या मजल्यावरचा विमेवाला

दुकान उघडून आठवडा होत आला तरी एक चष्मा म्हणून विकला गेला नव्हता, आणि त्या सकाळी ती शटर वर करते तो काय... बाहेर पाच-सहा आजी-आजोबा ओल्या छत्र्या झटकत उभे! तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"या ना, या! आत बसा." तिने भिंतीलगतच्या निळ्या खुर्च्या लगबगीने पुसल्या, पंखा लावला, सगळ्यांना पाणी दिलं. मंडळी ऐसपैस बसली. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती आणि छत्र्यांतून तिच्या नव्या कोऱ्या फरशीवर ओघळ येत होते, पण तिला त्याचं काही म्हणजे काही वाटलं नाही.

"बोला, पहिल्यांदा कोणाचे डोळे तपासू?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. शेवटी पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या एक बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "डोळे कशाला? आम्ही वर विमेवाल्याकडे आलोय, बाळ. त्याच्याकडे बसायला जागा नाही, आणि तुझ्या खुर्च्या मोठ्या झकास आहेत." या बाई एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटून वर्षं लोटली, तरी सगळे त्यांना हेडबाईच म्हणत.

घ्या! तिचा चेहरा असा काही पडला की एक आजोबा घाईघाईने म्हणाले, "पाणी मात्र छान गार होतं हं."

ती तरातरा जिना चढून वर गेली. आता त्या माणसाला असं फैलावर घ्यायचं की पुन्हा म्हणून... पण दारातच तिची पावलं अडली. खोली एवढीशी. होत्या नव्हत्या त्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं, आणि विमेवाला स्वतः फायलींच्या पेटीवर बसलेला! फोन खांद्याने कानाशी धरलाय, एका आजींच्या हॉस्पिटलच्या कागदांवर खुणा करतोय, आणि समोरच्या आजोबांना डोळ्यांनीच "झालं हं, झालंच" असं सांगतोय. डोळे मोठे बोलके होते त्याचे. तिने ते नाइलाजाने पाहिले... तिचा धंदाच तो, त्याला ती काय करणार!

"तुमची माणसं माझ्या दुकानात बसलीत," ती म्हणाली.

"बरं झालं. जिना चढण्याआधी जरा दम खातील."

"अहो, चष्म्यांचं दुकान आहे ते! धर्मशाळा नाही!"

"मग चष्मे विका की," तो फोनवर हात ठेवून म्हणाला. "सगळे साठीच्या पुढचे आहेत. एवढं गिऱ्हाईक मी तुमच्या दारात आणून बसवलंय, आणि तुम्ही भांडायला वर आलात?"

माणूस बरोबर बोलत होता, हीच तर पंचाईत होती. वर तो हसला, आणि त्याच्या एकाच गालाला खळी पडली. रागाने लाल होऊन वर गेलेली आपली चष्मेवाली खाली येताना ओठ दाबून हसू लपवत होती. हेडबाईंनी ते पाहिलं. त्यांच्या नजरेतून कधी काही सुटलं होतं होय!

त्या दिवसापासून रीतच पडली. विमेवाल्याची माणसं खाली बसत, आणि वरून हाक येईपर्यंत ही त्यांचे डोळे तपासे. हळूहळू दुकानाचं बस्तान बसू लागलं. आणि एके दिवशी दुपारी विमेवाला स्वतःच दारात उभा.

"माझेही बघा ना जरा. लांबचं धूसर दिसतं हल्ली."

तिने त्याला मागच्या काळोख्या खोलीत उंच खुर्चीवर बसवलं. यंत्र त्याच्या डोळ्यांशी नेलं. एवढ्या जवळ... त्याच्या शर्टाला पावसाचा ओला वास येत होता. तिने श्वास जरा बेतानेच घेतला. मग समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला.

"वाचा."

वरच्या ओळी त्याने धडाधड वाचल्या. मग थांबला, डोळे बारीक केले, मान वाकडी केली. "पुढचं... काहीतरी गिचमिड दिसतंय बुवा."

आता गंमत अशी, की तक्ता वाचायला माणूस कसाही वाचो, यंत्र आधीच खरं सांगून मोकळं होतं. आणि यंत्र सांगत होतं की या माणसाचे डोळे ठणठणीत आहेत, घारीसारखे! तिने ओठ चावला.

"अरेरे," ती गंभीरपणे म्हणाली. "पुन्हा बघावं लागेल. परवा या."

तो परवा आला. मग पुन्हा आला. दर वेळी वेगळी ओळ अडायची, आणि दर वेळी ती तितक्याच गंभीरपणे पुढची तारीख द्यायची. बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींत मात्र खसखस पिकायची.

हे सगळं गोडीगुलाबीत चाललं असतं, पण घरी एक घोर होता. तिचे बाबा.

बाबांनी उभा जन्म लोकांना मोटार शिकवली. थरथरत्या हातांनी स्टिअरिंग धरून बसलेल्यांना शेजारून सांगायचं, "काही होत नाही, घ्या पुढे!" ते शब्द त्यांच्या जिभेवर असे बसले की हृदयात स्टेंट बसला तेव्हाही ऑपरेशनच्या टेबलावरून डॉक्टरांना म्हणाले, "काही होत नाही, घ्या पुढे." आता दोन्ही गुडघे झिजले होते. ते वर्षभरात बदलावेच लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाबांचा आरोग्यविमा होता तिच्या जुन्या नोकरीतून. नोकरी सोडली, दुकान काढलं, आणि तो विमा महिनाअखेरीस संपणार होता.

आणि हे तिने वरच्या माणसाला सांगितलंच नव्हतं! का? तर म्हणे, गुडघ्यांचं रडगाणं घेऊन गेलं की तो आपल्याला गिऱ्हाईक समजेल. प्रेमात पडलं की शहाण्या माणसाचीही अक्कल अशी गहाण पडते.

बाबा अधूनमधून दुकानात येऊन बसत, त्यांच्या तोंडून हे हेडबाईंना कळलं आणि शेवटी त्यांनीच तिचा कान धरला. "चालत्या विम्याची मुदत अशी वाया घालवतात का? वर जा. का मी हाक मारू?"

हाक मारायची वेळ आली नाही. तिने वर जाऊन सांगितलं, आणि बाबा दुकानात असताना तो स्वतःच खाली आला, त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला, आणि आधी विम्याचं नावच काढलं नाही. मोटार शिकवताना सगळ्यात कठीण काय असतं, ते विचारत बसला. बाबा खुलले. मग हळूच म्हणाला, "काका, आजारी पडलात तर कुठल्या हॉस्पिटलात जायला आवडेल?"

"आजारी पडायलाच आवडणार नाही."

"तेही लिहून घेतो," तो म्हणाला, आणि बाबा खो खो हसले.

मग त्याने नीट फोड करून सांगितली. स्वस्तातल्या पॉलिसीत दर बिलाचा मोठा हिस्सा आपण भरायचा आणि खोलीच्या भाड्यालाही मर्यादा, तेव्हा ती नको. एक नवी कंपनी गोड बोलते, पण तिथे गेलं तर आधीची वर्षं बुडतात, आणि जुन्या दुखण्यांसाठी पुन्हा काही वर्षं वाट बघत बसावं लागतं. "त्यापेक्षा आहे त्याच कंपनीत स्वतःची पॉलिसी घ्या. मागची वर्षं धरली जातील, गुडघ्यांचं यंदाच होईल. फक्त दोन गोष्टी. महिना संपायच्या आत झालं पाहिजे, आणि एकही दुखणं लपवायचं नाही. कंपनीच्या डॉक्टरांचा फोन येईल, त्यांना सगळं खरं सांगायचं."

"काही होत नाही," बाबा म्हणाले.

तिने चमकून वडिलांकडे पाहिलं, पण विमेवाला तिच्याकडेच बघत होता, आणि मग काय, बोलायचं ते राहूनच गेलं.

महिना संपत आला आणि विमेवाला जिना उतरून आला तो पडल्या चेहऱ्याने. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. "अर्ज अडकला. आपण स्टेंट लिहिला, साखरेच्या गोळ्या लिहिल्या, गुडघे लिहिले. आणि काकांनी फोनवर डॉक्टरांना सांगितलं की मला कसलाच आजार नाही, मी रोज सकाळी टेकडी चढून येतो! कंपनी म्हणते, दोन्हींतलं खरं काय? परवापर्यंत उलगडा झाला नाही तर अर्ज नामंजूर."

परवा महिना संपत होता! विमा तुटला तर गुडघ्यांसाठी दुकान विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने घरी फोन लावला. "बाबा, कोणी सांगितलं तुम्हाला असं बोलायला?"

"अगं, विम्याचे लोक असंच सांगतात ना सगळ्यांना... आजार कळला की नाही म्हणतात म्हणून..."

तिने पुढचं ऐकलंच नाही. फोन ठेवला आणि ती विमेवाल्यावर उसळली.

"तुम्ही शिकवलंत! अर्जात एक आणि फोनवर एक!"

"मी? मी तर—"

"तुम्हाला खोटं काही जड जातं का? माझ्या खुर्चीत बसून दर वेळी मला फसवता! डोळ्यांना काडीचं काही झालेलं नाही तुमच्या. पहिल्या दिवसापासून माहितीये मला!"

विमेवाल्याचा चेहरा उतरला. खळी नाही, काही नाही.

"ते खोटं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "ते तेवढं माझं. हे माझं नाही." आणि तो जिना चढून निघून गेला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून. ती काही विचारण्याआधीच म्हणाले, "त्या पोराला बोल लावलेस ना? मला मघाशी पुरतं बोलूच दिलं नाहीस. त्याने नाही सांगितलं. तुझ्या दुकानात बसून चार लोकांच्या गप्पा ऐकल्या, आणि माझं मीच ठरवलं."

"पण का, बाबा?"

"विमा नाही म्हणाले, तर तू काय करणार मला ठाऊक नाही का? दुकान फुंकून टाकशील. माझ्या गुडघ्यांपायी तुझं दुकान जायला नको, एवढंच होतं मनात." मग जरा थांबून म्हणाले, "शटर उघडताना तू लहानपणी दिसायचीस तशी दिसतेस गं."

तिने वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा जिना चढली. या वेळी पावलं जड होती. तो फायलींच्या पेटीवर बसलेला. शेजारच्या टेबलावर मोठ्या मॅडम. हे ऑफिस त्यांनीच काढलेलं, आणि हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि झेरॉक्स काढायच्या आहेत असं पुटपुटत त्या बाहेर गेल्या. हातात एकही कागद नव्हता.

"चुकले मी," ती म्हणाली. "नको ते बोलले. बाबांनी आपल्याच मनाने केलं सगळं."

"माहितीये. काकांचा रात्रीच फोन आला होता." तो तिच्याकडे बघत नव्हता. "कंपनीशी बोललोय. आज दुपारी डॉक्टर व्हिडिओवर पुन्हा बोलतील. खालीच करू, काकांना जिना नको."

तिचे एवढे बोल ऐकूनही या माणसाने सकाळपासून काम केलं होतं! तिला भरून आलं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं... तर मग पुन्हा पुन्हा का बोलावलंत?"

तिचे कान तापले. खाली बघत, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "डोळे... बघण्यासारखे आहेत तुमचे. म्हणून."

आता त्याने वर पाहिलं. आणि खळी पडली! थोडीशीच, पण पडली.

दुपारी मागच्या खोलीत बाबा उंच खुर्चीवर बसले. समोर फोन, फोनमध्ये कंपनीच्या डॉक्टरीण बाई. दाराशी ती आणि विमेवाला. त्यांच्या मागे "आम्ही कुठे ऐकतोय" असा आव आणून उभी राहिलेली सगळी खुर्च्यांवरची पलटण.

"तब्येत कशी आहे, काका? काही त्रास?"

बाबांनी घसा खाकरला. "काही होत..." आणि थांबले. बाबा हात चोळत राहिले. जन्माची सवय अशी एका दुपारीत थोडीच सुटते?

ती पुढे होऊन त्यांच्याजवळ बसली. "बाबा, शिकवायच्या गाडीत तुमच्या बाजूलाही एक ब्रेक असायचा ना?"

"असायचा की. त्याशिवाय कोणाच्या हातात गाडी देतो काय?"

"म्हणून तुम्ही बिनधास्त म्हणायचात, काही होत नाही. पाय ब्रेकवर असायचा तुमचा. मलाही विम्याचा तसा एक ब्रेक हवाय, बाबा. तो आज तुमच्या हातात आहे. खरं सांगा ना..."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे वळले, आणि धरण फुटावं तसे बोलत सुटले. स्टेंट सांगितला. साखर सांगितली. सकाळी अंथरुणातून उठताना भिंत धरावी लागते, ते सांगितलं. टेकडीचं साफ खोटं होतं, कोपऱ्यावरच्या बाकापलीकडे आपण जात नाही, हे सांगितलं. "आणि गोळ्याही कधीकधी चुकवतो. ते हिला माहीत नाही."

"बाबा!"

"खरं सांग म्हणालीस ना?"

फोनमध्ये डॉक्टरीण बाई हसू लागल्या. दाराशी हेडबाईंनी पदराने डोळे टिपले आणि शेजारच्या आजोबांना दटावलं, "रडताय काय असे लहान मुलासारखे!"

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळी मंडळी सकाळपासून ठाण मांडून होती. कोणाचंच वर काही काम नव्हतं. दुपार झाली. कंपनीकडून ना हूं ना चूं. ती एकच चष्म्याची काच पुन्हा पुन्हा पुसत होती. बाबा नेमाने गोळी घेऊन आले होते आणि ते भेटेल त्याला सांगत होते.

आणि मग वरून जिन्यावर धाडधाड पावलं वाजली! विमेवाला उतरत नव्हताच मुळी, दोन-दोन पायऱ्या गाळत उड्याच मारत होता.

"मंजूर!" तो दारातूनच ओरडला. "हप्ता जरा वाढवलाय, पण मागची सगळी वर्षं धरली! काका, तुमचे गुडघे यंदाच!"

मग जो काही गलका झाला! आजोबा लोकांनी टाळ्या पिटल्या, हेडबाईंनी शिटी वाजवली. हो, शिटी! दोन बोटं तोंडात घालून. बाबा उठून उभे राहिले आणि या गुडघ्यांनिशी त्यांनी विमेवाल्याला अशी मिठी मारली की त्याचा चष्मा असता तर फुटलाच असता. ती काउंटर धरून उभी होती. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

गडबड ओसरली तेव्हा विमेवाल्यामागे मोठ्या मॅडम उभ्या दिसल्या. त्याने बाबांची फाइल त्यांच्या हातात दिली.

"आजपासून काकांचं सगळं मोठ्या मॅडम बघतील," तो तिला म्हणाला. "पुढचे हप्ते, हॉस्पिटल, क्लेम, सगळं. मी नाही बघणार."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. "का? अजून राग आहे माझ्यावर?"

"राग नाही. आमच्या ऑफिसचा नियम आहे."

"कसला नियम?"

एवढ्या माणसांना एवढ्या अटी घडाघडा समजावणारा माणूस, पण आता शब्द काही सापडेना. मोठ्या मॅडमनी त्याला कोपराने ढोसलं.

"घरच्या माणसांची पॉलिसी... आपण स्वतः बघायची नाही," तो म्हणाला. "क्लेमच्या वेळी हात थरथरतात."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. रस्त्यावर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"घरची माणसं," ती हळूच म्हणाली. "मला न विचारताच?"

"विचारायलाच आलोय. तुम्ही मला आवडता. वर भांडायला आलात ना, तेव्हापासून. दुसरं काही कारण नव्हतं डोळे दाखवायला येण्याचं. नाही म्हणालात तर फाइल परत घेईन, काकांच्या कामात कसूर करणार नाही. पण... नाही म्हणू नका ना."

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा चष्म्याच्या फ्रेमा निरखण्यात अगदी गढून गेले होते, आणि हातातली फ्रेम उलटी होती.

"बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी," तिने विचारलं, "हॉस्पिटलचे कागद मोठ्या मॅडम बघतील... मग तू काय करशील?"

"मी?" तो म्हणाला. "मी बाहेरच्या बाकावर. तुझ्या शेजारी."

ती काउंटरच्या बाहेर आली. एवढ्या सगळ्यांच्या देखत, जराही न लाजता, तिने त्याचा हात हातात घेतला. मग मोठ्या मॅडमकडे वळून मोठ्याने म्हणाली, "मॅडम, फाइल तुमच्याकडेच ठेवा."